बाळाचं वरचं खाणं: सहा महिने पूर्ण झाल्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत, पायरी पायरीने

वजनाच्या दिवशी आया हमखास सांगतात, "खातो हो, दिवसातून चार वेळा वाटी संपवतो." आणि काटा दोन-दोन महिने जागचा हलत नाही. अशाच एका आईला मी सोबतचा डबा उघडायला सांगितला. आत पिवळसर पाणी होतं, तळाशी डाळीचा पातळ थर. चमचाभर घेऊन चमचा तिरका केला, तर सगळं खाली ओघळलं आणि चमचा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. "घट्ट दिलं तर पचणार नाही म्हणून वरची निवळ देते," ती म्हणाली. बाळाला सात महिने पूर्ण झाले होते. तिच्या मायेत किंवा मेहनतीत काही कमी नव्हतं. कमी होता तो अन्नाचा घट्टपणा, आणि ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. सगळ्या पायऱ्या एकदा वाचून घ्या आणि मग पहिलीपासून सुरुवात करा.

पायरी १: दिवस मोजा, मुहूर्त नको

पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त अंगावरचं दूध. पाणी, गुटी, मध काही नाही. १८० दिवस पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं.

इथे पहिली चूक होते ती उष्टावणामुळे. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात अशी आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे मुलीला कुठे पाचव्यातच खीर चाटवतात, तर कुठे सातवा महिना उजाडेपर्यंत थांबतात. मामाला रजा मिळाली नाही म्हणून आठव्या महिन्यापर्यंत कोरडं राहिलेलं बाळही मी पाहिलंय. समारंभ सवडीने करा, पण खाणं वेळेवर सुरू करा. जन्मावेळी बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. त्याची सुरुवात याच महिन्यांत होते.

तपासा: मान नीट धरतं का? आधार दिला की बसतं का? हातात येईल ते तोंडात घालतं का? चमचा जिभेने बाहेर ढकलणं कमी झालंय का? चारही उत्तरं "हो" असतील तर बाळ तयार आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हे गणित वेगळं असतं, त्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पायरी २: भांडी, माप आणि हात

बाळाची एक वाटी आणि एक छोटा चमचा वेगळा काढा. वाटीत किती मावतं ते औषधासोबत येणाऱ्या मापाने पाणी ओतून एकदाच मोजा. घरोघरची आमटीची वाटी साधारण १५० मिलिची असते, पण दीडपट मोठ्या वाट्याही असतात. "वाटीभर खातो" याला अर्थ यायचा तर हे माप माहीत हवं.

दुधाची बाटली नको. तिचं बूच आणि बोंड घरात नीट स्वच्छ करणं फार अवघड जातं आणि जुलाबांचं मूळ बहुधा तिथेच असतं. वाटी-चमचा किंवा घरात असेल तर बोंडलं (चोचीची छोटी वाटी) पुरे.

भरवण्याआधी साबणाने हात धुवायचे, स्वतःचे आणि बाळाचेही. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं, घासांबरोबर दोन-चार घोट. शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवायचं. सकाळचा भात दुपारी परत गरम करून देण्याची सवय मोडा, उन्हाळ्यात तर अजिबात नको.

पायरी ३: घट्टपणा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे जेमतेम ३० मिलि मावतं. सात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे २१० मिलि, आपल्या दीड वाटीपेक्षाही कमी. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. एवढ्याशा पोटात हे बसवायचं असेल तर प्रत्येक घासात जीव हवा. अंगावरच्या दुधाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पाऊण कॅलरीच्या जवळपास ऊर्जा असते. डाळीचं निवळ पाणी त्याच्याही खाली जातं. म्हणजे ते पाजून आपण बाळाचं पोट दुधापेक्षा हलक्या गोष्टीने भरतो, आणि भरल्या पोटी ते दूधही कमी पितं. वाटी संपते आणि वजन वाढत नाही, ते यामुळे.

वरणाचं पाणी, भाताची पेज, तांदळाचं धुवण, भाज्यांचं सूप, फळांचा रस हे सगळे याच घरातले. यातलं काहीही जेवण म्हणून मोजू नका.

चमच्याची परीक्षा: शिजवलेलं अन्न चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. अन्न चमच्याला धरून राहिलं, सावकाश घसरलं तर बरोबर. धार लागली तर पातळ. ही परीक्षा रोज करा, सासूबाईंना दाखवा, बाळ पाळणाघरात जात असेल तर तिथल्या ताईंनाही करून दाखवा.

घट्ट अन्न घशात अडकेल ही भीती खरी वाटते. पण सहा महिन्यांचं बाळ मऊ, गुळगुळीत, घट्ट लगदा व्यवस्थित गिळतं. सुरुवातीला तोंड वेंगाडतं, थोडं बाहेर काढतं. ते नापसंतीचं लक्षण समजू नका, जीभ शिकते आहे.

पायरी ४: भरड करून ठेवा

रोज दोन-तीनदा वेगळं शिजवायचं म्हटलं की कामाच्या घाईत पातळ वरणच वाटीत पडतं. त्यावर उपाय म्हणजे घरची भरड.

साहित्य: तांदूळ ३ वाट्या, मुगाची डाळ १ वाटी. तांदळाऐवजी ज्वारी, नाचणी किंवा गव्हाचा रवा चालतो. मुगाऐवजी मसूर किंवा तूर चालते. धान्य तीन, डाळ एक हे प्रमाण तेवढं मोडू नका.

कृती: तांदूळ आणि डाळ वेगवेगळी धुऊन कापडावर पूर्ण वाळवा. मंद आचेवर वेगवेगळी भाजा, कारण डाळ लवकर लाल होते. गार करून मिक्सरमधून रव्यासारखी जाडसर काढा. कोरड्या बरणीत भरून ठेवा, आणि एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त करू नका. पावसाळ्यात तर आठवड्याचीच करा.

शिजवताना पोह्यांचे दोन चमचे भरड (साधारण २५ ग्रॅम) आणि १५० मिलि पाणी. गार पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, सतत ढवळत. उतरवल्यावर चहाचा एक चमचा तूप किंवा तेल घाला. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. वाटीचं आकारमान वाढत नाही आणि ऊर्जा जवळजवळ दीडपट होते, म्हणून तूप विसरू नका.

लगदा फारच घट्ट झाला तर पाणी ओतण्याऐवजी मोड आलेल्या नाचणीचं पीठ वापरा. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, नुसती गरम होईल इतपतच भाजा आणि दळा. लगदा किंचित निवला की त्यात हे पीठ चहाचा अर्धा चमचा घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत तो सैल होतो. मग परत एक उकळी काढा. मोडांमुळे पिष्ट तुटतं आणि अन्न पाणी न वाढवता गिळायला सोपं होतं. नाचणी जास्त भाजली तर हा गुण जातो.

नाचणीच्या सत्वाबद्दल एक सांगायचंय. नाचणी वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा टाकून देतात. नाचणीतलं कॅल्शियम, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, आणि बरंचसं लोह त्या सालातच असतं. गाळून उरतं ते मुख्यतः पिष्ट. त्यापेक्षा मोडाच्या नाचणीचं पीठ बारीक चाळणीने चाळून वापरा.

पायरी ५: पहिले पंधरा दिवस

दूध पाजून तास-दीड तास झाला की वेळ चांगली. कडकडून भूक लागलेलं बाळ चमच्याला रडतं आणि पोट भरलेलं बाळ तोंड उघडत नाही. नवा पदार्थ सकाळी किंवा दुपारी द्या, काही त्रास झालाच तर दिवसाउजेडी कळेल.

१. पहिले दोन-तीन दिवस: मऊ भात-मुगाच्या भरडीचे चहाचे दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा.

२. मग दर दोन-तीन दिवसांनी एक नवी गोष्ट: लाल भोपळा, गाजर, बटाटा, पिकलेलं केळं, पपई, घरचं ताजं दही.

३. पंधरवड्याच्या शेवटी: पोह्यांचे दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, तूप घालून.

दोन-तीन दिवसांचं अंतर पुरळ, उलटी, जुलाब ओळखता यावेत यासाठी आहे. ते ताणून महिनाभर नुसता भातच देत बसू नका.

केळ्याने सर्दी होते, दह्याने खोकला होतो या समजुतींपायी आपण बाळाच्या वाटीतून दोन उत्तम आणि स्वस्त पदार्थ काढून टाकतो. सर्दी विषाणूंमुळे होते.

सावधान: एक वर्षापर्यंत मध अजिबात नको, बोटभरही नको. त्यातल्या जिवाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. वर्षापर्यंत वरून मीठ नको, दोन वर्षांपर्यंत साखर नको. "लोहासाठी गूळ" हेही नको. चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य असतं आणि गोडाची चटक मात्र लागते.

पायरी ६: ताटात रंग आणा

जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांच्या अन्नाचे आठ गट केले आहेत: अंगावरचं दूध, धान्य व कंद, डाळी-कडधान्यं व दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाच्या फळं-भाज्या, इतर फळं-भाज्या. दिवसभरात यातले किमान पाच गट पोटात जायला हवेत. वरण-भात आणि अंगावरचं दूध मिळून झाले तीन. त्यात लाल भोपळा किंवा पपई कालवली की चार, आणि दही किंवा अंडं दिलं की पाच. एवढं सोपं आहे, तरी बहुतेक घरांत गाडी तीनवरच थांबते.

अंडं सहाव्या महिन्यानंतर कधीही चालतं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, पूर्ण उकडलेलं आणि भातात कुस्करलेलं. ॲलर्जीच्या भीतीने अंडं आणि शेंगदाणा वर्ष-दोन वर्षं लांबवण्याचा काही फायदा नाही, उलट उशिरा दिल्याने ॲलर्जीची शक्यता वाढते असंच अभ्यासांतून दिसलंय. बाळाला आधीच खूप एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे) असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून सुरू करा. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट लगद्यात मिसळून द्यायचं, अख्खा दाणा कधीही नाही.

मासे खाणाऱ्या घरांत मुडदुशीसारखा कमी काट्यांचा मासा उकडून, दोन बोटांत चुरून, काटा नाही ना हे हाताने चाचपून द्या. मांस किंवा कलेजी मऊ शिजवून वाटून. शाकाहारी घरांत डाळी आणि पालेभाज्यांबरोबर लिंबाचे दोन थेंब किंवा पेरूचा गर द्या, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

चहा आणि बिस्कीट हे दोन्ही बाळाच्या तोंडापासून दूर ठेवा. चहामुळे लोह शोषलं जात नाही आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसं काही नसतं. चहात बुडवलेलं बिस्कीट दिवसातून तीनदा खाणाऱ्या बाळाला जेवायच्या वेळी भूक नसते, आणि मग आई "काहीच खात नाही" म्हणून रडते.

अन्न कितीही चांगलं असलं तरी या वयाची लोहाची गरज त्याने पूर्ण भागणं कठीण. सरकारी कार्यक्रमात आशाताईंकडून लोह व फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं, ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत, आठवड्यातून दोनदा १ मिलि. शी काळसर होते, त्याने घाबरू नका. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, तो चुकवू नका.

पायरी ७: महिन्यागणिक वाढवत न्या

६ ते ८ महिने: दिवसातून २ ते ३ वेळा, हळूहळू १२५ मिलिपर्यंत. लगदा मऊ, हाताने किंवा रवीने घोटलेला.

९ ते ११ महिने: ३ ते ४ वेळा, दर वेळी साधारण १२५ मिलि, शिवाय मधे एक-दोनदा खाऊ. कणीदार अन्न, आणि हातात धरून खाता येईल असं: उकडलेल्या गाजराची कांडी, मऊ पोळीचा तुकडा, इडली.

१२ ते २३ महिने: तेवढ्याच वेळा, पण १९० ते २५० मिलि.

अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, बाळ मागेल तेव्हा.

मिक्सरचा मोह इथे नडतो. आठव्या-नवव्या महिन्यानंतरही सगळं गंधासारखं वाटून दिलं तर बाळ चावायला शिकत नाही. दहावा महिना उलटेपर्यंत कणीदार अन्न दिलं नाही, तर पुढे दीड वर्षाचं मूल भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं. दात नसले तरी चालतं, हिरड्यांनी मऊ अन्न छान चावता येतं.

सावधान: नवं, कणीदार अन्न खाताना बाळाला उबळ येते, तोंड लाल होतं, खोकला येतो, आवाज निघतो. हे शिकण्याचाच भाग आहे, थांबा, त्याला सावरू द्या. मात्र आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळे पडू लागले तर घास अडकलाय. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. परत थापा, परत दाब. कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. दिसत नसलेला घास तोंडात बोट घालून चाचपू नका, तो आणखी आत जातो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या सफरचंदाची फोड, पॉपकॉर्न पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका.

पायरी ८: भरवणं

बाळाला मांडीवर किंवा समोर सरळ बसवा, आडवं कधीच नाही. मोबाइल बंद. पडद्याकडे बघत बाळ दोन घास जास्त खातं हे खरं, पण आपलं पोट भरलं की नाही हे ओळखायला शिकत नाही. त्याच्याकडे बघा, बोला, तोंड उघडण्याची वाट बघा. मान फिरवली, ओठ मिटले, चमचा ढकलला की थांबा. नाक दाबून, हात धरून भरवलेला घास पुढच्या दहा घासांना महाग पडतो. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते. आज पालक थुंकला म्हणून यादीतून काढू नका, चार दिवसांनी पुन्हा द्या.

पायरी ९: वजन बघा, अंगलट नको

बाळसं नजरेने मोजता येत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात, शक्यतो त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करा आणि माता व बाल संरक्षण कार्डावर टिंब मांडून घ्या. साधारणपणे वर्षाला वजन जन्माच्या तिप्पट होतं. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. आपल्या बाळाची रेषा वर चढते आहे ना, एवढंच बघा.

तपासा: दोन महिने रेषा सपाट असेल तर आधी चमच्याची परीक्षा करा, मग तूप आणि वेळा मोजा. तरीही वाढ नसेल, किंवा रेषा खाली वळली, तर लगेच दाखवा. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अंगणवाडी ताईंशी बोला. ११.५ पेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

पायरी १०: आजारपणात

ताप-जुलाबात जेवण तोडण्याची पद्धत बाळाला सर्वांत महाग पडते. अंगावरचं दूध वाढवा, मऊ अन्न थोडं थोडं, जास्त वेळा द्या. जुलाबात ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. "दात येताहेत म्हणून होतं" असं म्हणून जुलाब अंगावर काढू नका. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं तर त्याच तासाला निघा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, त्यात झालेली तूट भरून निघते.

पायरी ११: घरच्या ताटाकडे

वर्षाच्या सुमारास बाळाने घरात शिजेल तेच खायला हवं. फोडणी देण्याआधी, तिखट-मीठ पडण्याआधी वरण, भाजी त्याच्यासाठी बाजूला काढा. त्यात पोळी कुस्करा, तूप घाला. आता गाईचं-म्हशीचं दूध चालतं, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक उरत नाही आणि रक्त कमी होतं. त्याला त्याची स्वतःची ताटली द्या आणि सगळे जेवतात तिथेच बसवा. निम्मं सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि सांडू द्या.